सगळ्यांना एकच पॅटर्न

माझे खांदे वडिलांचे आहेत. रुंद, सरळ, टोकाला हाड उठून दिसणारे. वडील विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाजार समितीत हमाल होते. तुरीची, ज्वारीची पोती पाठीवर घेऊन ते फळीवरून ट्रकमध्ये चढत. त्या कमाईवर मी शिकले, आमच्या घरातली पहिली इंजिनिअर झाले आणि पुण्यात नोकरीला लागले.

शाळेत असताना माझा गणवेश नेहमी बाहीच्या जोडावर उसवायचा. आई तो शिवता शिवता म्हणायची, "बापाचे खांदे घेतले वं तू, आता बापालेच सांग शिवाले." वडील ओसरीवरून ऐकत आणि हसत. खांदे ही लपवायची गोष्ट असते हे मला पुण्यात येईपर्यंत माहीत नव्हतं.

आमची कंपनी तेव्हा एरंडवण्यातल्या एका बंगल्यात होती. खाली पार्किंगमध्ये सर्व्हर, वर आम्ही. त्या कंपनीचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मी आजही मानते. माझ्या मराठी शाळेकडे न बघता त्यांनी भरतीच्या परीक्षेतला माझा पेपर बघितला. पहिल्या पगारात घरी फोन बसला आणि आईची चूल सुटून गॅस आला. आमच्या टीममधल्या सीनियर मुलीचेही उपकार आहेत. परदेशी ग्राहकाला ईमेल कसा लिहायचा, "प्लीज" कुठे घालायचं आणि कुठे नाही, हे तिनेच मला शिकवलं. ती पेठेत वाढलेली, चुणचुणीत, कपड्यांतली दर्दी. मी तिला मॅडम म्हणायचे. "शाळा आहे का ही? नावाने हाक मार," असं तिने सांगितलं. ते मला जमेना, म्हणून मी ताई म्हणू लागले.

ताईंचे खांदे मानेपासूनच उतरत जायचे, बाटलीसारखे. त्यामुळे त्यांना फुग्याच्या बाह्या शोभत, बोटनेक शोभे, दोन्ही खांद्यांवर पिन केलेली ओढणी शोभे. जे त्यांना शोभे ते जगाला शोभतं, अशी त्यांची समजूत होती. आणि दर वर्षी फॅमिली डेला त्या समजुतीप्रमाणे आम्ही सगळ्या नटायचो.

फॅमिली डेची आमच्याकडे एक पद्धत होती. सगळ्यांचे आईवडील, नवरे, मुलं नाट्यगृहात येणार, आणि टीममधल्या मुली स्टेजवर स्वागतगीत करणार. सगळ्यांचा ड्रेस एकसारखा. त्यासाठी लक्ष्मी रोडवरून अख्खा ताका आणायचा, एकाच टेलरकडे मापं द्यायची, एकच पॅटर्न शिवायचा. पॅटर्न कोणता ते कमिटीची प्रमुख ठरवणार. प्रमुख ताई.

माझ्या पहिल्या वर्षी त्यांनी मोहरीच्या रंगाचं कापड निवडलं. गळा बोटनेक, म्हणजे या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत सरळ रेघ. बाह्यांना फुगे, आणि फुगे उभे राहावेत म्हणून आतून कडक नेट. वर ओढणीच्या चुण्या दोन्ही खांद्यांवर पिन केलेल्या. मापं देतानाच मला शंका आली होती. ड्रेस आले, कॉन्फरन्स रूमचा पडदा ओढून आम्ही ट्रायल घेतली, आणि काचेच्या दारात मी मला बघितलं. सोफ्याला कव्हर घातल्यासारखी मी दिसत होते.

"ताई, माझ्या बाह्या साध्या ठेवल्या तर चालेल का?" मी विचारलं.

"का गं?"

"खांदे फार दिसतात."

त्यांनी मला एकदा समोरून, एकदा मागून बघितलं. "खांदे दिसतात कारण ते आहेत. मार्केट यार्डातून आणलेस का हे? बाहीत नेट असो नसो, हमालाच्या अंगावर ड्रेस घातला तरी तो पोत्यासारखाच दिसणार."

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण न हसता उभं कसं राहायचं ते मला येत नव्हतं.

"आणि हे बघ," ताई म्हणाल्या, "सगळ्यांना एकच पॅटर्न. एकीसाठी ताका बदलत नसतात. तू मागच्या रांगेत उभी राहा, स्टेजवरच्या त्या मोठ्या समईच्या मागे. पुढे राहिलीस तर बाकीच्या कुणी दिसायच्या नाहीत."

माझे वडील काय करतात हे त्यांना माहीत नव्हतं. मी सगळ्यांना "बाजार समितीत आहेत" एवढंच सांगितलं होतं आणि ऐकणाऱ्यांनी तिथे टेबलखुर्ची कल्पून घेतली होती. त्यांनी मला जाणूनबुजून दुखावलं नव्हतं, असं कुणी म्हणेल. माझ्या दृष्टीने ते आणखी वाईट. हमाल हा शब्द त्यांना हसण्यासाठी इतका सहज हाताशी सापडला.

आईवडील रात्रभर गाडीत बसून आले होते. वडिलांनी नीळ घातलेला पांढरा सदरा घातला होता, आणि बसताना खुर्चीची गादी पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. गाणं झालं. मी पितळी समईच्या मागून हात हलवले. बाहेर चहाच्या टेबलाशी वडील भेटले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता.

"कोठी होती वं माय तू? मी लय पायलं. दिसलीच नाई."

"मांगं होती ते," आई म्हणाली. "समईच्या आडी."

"असं काय," वडील म्हणाले. मग म्हणाले, "समई मस्त होती."

एवढ्या लांबून माणूस लेकीला बघायला आला आणि समई बघून गेला. त्या दिवशी मी ठरवलं की पुढच्या वेळी वडील मला बघतील, आणि समईमागे दुसरं कुणीतरी असेल. कोण, तेही ठरवलं.

त्यानंतर मी कपड्यांचा अभ्यास केला, जसा मी डेटाबेसचा केला होता. लक्ष्मी रोडला दुकानदार गादीवर बसून एकामागून एक ड्रेस मटेरियल उलगडायचे. मी ते खांद्यावर टाकून आरशासमोर उभी राहायचे आणि न घेता उठायचे. "नुसतंच बघणार का?" असं ऐकून घ्यायचे. पुढे मॉल आले. तिथल्या ट्रायल रूममध्ये तीन बाजूंनी आरसे, आणि दाराबाहेर कुणी टोमणे मारत नसे. त्या खोल्यांचे माझ्यावर आईइतके नाही, पण बरेच उपकार आहेत.

हळूहळू मला माझं शरीर कळलं. बोटनेक मला आडवी करतो आणि उभा खोल व्ही गळा नजर खांद्यांवरून मधे, खाली नेतो. फुगा, झालर, खांद्यावरचं भरतकाम, यातलं काही मला नको. बारीक पट्ट्या नकोत, त्यांच्यामुळे खांदा उघड्या मैदानासारखा दिसतो. रॅगलन बाही, म्हणजे जी खांद्यावर न जोडता गळ्यापासूनच तिरकी निघते, ती मला सगळ्यांत छान. तिच्यामुळे खांदा कुठे संपतो ते डोळ्याला सापडतच नाही. वरचा भाग गडद आणि साधा, आणि सगळी हौस कमरेखाली: घेर, काठ, फिका रंग. ओढणी पसरायची नाही, एकाच खांद्यावरून सरळ सोडायची, म्हणजे अंगावर उभी रेघ तयार होते. परदेशी ग्राहक यायचे तेव्हा आम्ही रेडीमेड कोट घालायचो. त्यातले स्पंजचे पॅड मी ब्लेडने उसवून काढले. देवाने दिलेले पॅड मला पुरेसे होते.

एक दिवस मॉलमध्ये मी वांगी रंगाचा, खोल गळ्याचा ड्रेस घातला आणि आरशात बघतच राहिले. रुंद खांद्यांवर कापड खुंटीवर टांगल्यासारखं सुबक बसलं होतं, कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. तेव्हा मला समजलं की काही कपडे मुळात अशाच खांद्यांसाठी असतात. आणि लगेच दुसरी गोष्ट समजली. हाच ड्रेस उतरत्या खांद्यांवर टिकणार नाही. मी ट्रायल रूममध्ये एकटीच हसले.

कंपनी वाढली आणि खराडीला काचेच्या इमारतीत गेली. समोर तेव्हा अजून शेतं होती, पार्किंगमध्ये म्हशी यायच्या. मी लीड झाले. ताई दुसऱ्या प्रोजेक्टवर गेल्या तरी कमिटी त्यांच्याकडेच होती; आता त्या परत आमच्याकडे आल्या. तोपर्यंत मी दर वर्षी समईमागे उभी राहत होते. कधी बदामी, कधी पोपटी, फुगे तेच. दर वर्षी मी आईवडिलांना काहीतरी कारण सांगून येऊ नका म्हणायचे. मग फॅमिली डेची कमिटी माझ्याकडे आली. त्या संध्याकाळी मी घरी फोन केला आणि म्हटलं, "या वर्षी याच. पहिल्या रांगेत बसायचं आहे."

मी वांगी रंगाचा ताका आणला. पॅटर्न असा: पुढून आणि मागून रुंद, खोल व्ही गळा. रॅगलन बाह्या. खाली भरपूर घेर. एका खांद्यावर जरीकाठाची जड रेशमी ओढणी, पिनने ड्रेसलाच लावलेली. आणि मागे नॉट नाही. खोल गळ्याच्या ड्रेसला पाठीवर बांधायला दोरी देतात, तिला नॉट म्हणतात. खांद्यावरून ड्रेस घसरू नये म्हणून ती असते. टेलरने विचारलंही होतं. मी म्हटलं, नको.

बाकीच्या मुलींचा विचार मी केला होता. त्यांच्या खांद्यांवर तो नीट बसणार होता, आणि बसलाही. ज्या एका अंगावर तो बसणार नव्हता त्या अंगाचा विचार मी सर्वांत जास्त केला होता.

ट्रायलच्या दिवशी ताई बाहेर आल्या. ओढणीच्या वजनाने गळा डावीकडे ओढला गेला होता. त्या तो वर घेत आणि तो पुन्हा खाली येई.

"अगं, याला मागे नॉट तरी दे," त्या म्हणाल्या. "हा घसरतोय."

"घसरतोय कारण खांदे नाहीत," मी म्हटलं.

कुणीतरी खोकलं. ताईंना ते जुनं बोलणं आठवलं का, मला माहीत नाही. मी आठवण करून दिली.

"सगळ्यांना एकच पॅटर्न. एकीसाठी ताका बदलत नसतात." आणि शेवटी त्यांना पहिल्यांदा नावाने हाक मारली.

"बरीच शिकलीस," त्या म्हणाल्या.

"तुमच्याकडूनच."

स्वागतगीतात दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळी द्यायची होती. ती मीच बसवली होती. पहिल्या कडव्याला ताईंनी टाळी दिली आणि हात झटकन खाली आणून खांदा धरला. दुसऱ्या कडव्याला हात वर नेलेच नाहीत. धृपद परत येईपर्यंत त्या एकेक पाऊल मागे सरकत समईच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, उजव्या हाताने डावा खांदा घट्ट धरून. मी मधोमध होते. पहिल्या रांगेत वडील होते, नीळ घातलेला सदरा तसाच. ते टाळ्या वाजवायचं विसरून बघत होते. आई शेजारणीला बोटाने मला दाखवत होती.

बाहेर चहाच्या टेबलाशी वडील म्हणाले, "आज तं तूच दिसली माय. दुसरं कोणी दिसलंच नाई." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण त्या मांगच्या बाईले काय झालं वं? खांदा धरून उभी होती बिचारी. दुखत असन."

"असेल," मी म्हटलं.

"लय वाईट दुखणं हाय ते. मले माहीत हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा घालून कढवलं. ते थंड करून जामच्या रिकाम्या बाटलीत भरलं, झाकणाला फडकं बांधलं. "देजो तिले. कोमट करून चोळाले सांगजो."

मी ती बाटली न देताही राहू शकले असते. सोमवारी सगळी टीम जागेवर येईपर्यंत मी थांबले. मग ती ताईंच्या मॉनिटरशेजारी ठेवली.

"हे काय?"

"माझ्या वडिलांनी पाठवलंय. परवा तुम्ही खांदा धरून उभ्या होतात, त्यांना वाटलं दुखतोय. कोमट करून चोळा. त्यांना खांद्यांतलं कळतं. ते हमाल आहेत."

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले. ताईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कानापर्यंत लाल. त्या म्हणाल्या, "त्यांना थँक्यू सांग."

मी सांगितलं. वडिलांना फार बरं वाटलं. त्यांनी विचारलं, "फरक पडला काय तिले?" मी म्हटलं, "पडला."

पुढच्या वर्षीही कमिटी माझ्याकडेच राहिली. ताका आणायला निघाले तेव्हा ताई लिफ्टपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "या वेळी नॉट ठेवशील ना?"

"बघू," मी म्हटलं.

ठेवली नाही.