जाऊबाईंची नदी

आमच्या थोरल्या जाऊबाई काय चीज आहेत, हे सांगावं तर मीच. भाऊजी सांगणार नाहीत, कारण लग्न झाल्यापासून त्यांना बोलायची संधीच मिळालेली नाही. माझा नवरा सांगणार नाही, कारण तो वहिनीला अजून घाबरतो. मी मात्र घरी त्यांच्याबरोबर एका ओट्यावर स्वयंपाक करते आणि दिवसभर त्यांच्याच शाळेत कारकुनी करते. त्यांच्याशी भांडायला माझ्याइतका वेळ दुसऱ्या कुणाला मिळणार?

जाऊबाई इतिहास शिकवतात. आणि आवाज तरी काय होता हो! त्या सहावीच्या वर्गात बोलायला लागल्या की ऑफिसात माझ्या टेबलावरच्या टाचण्या थरथरायच्या. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन हात जोडायचे, "बाई, तुमची लढाई संपली की सांगा, मग मी अपूर्णांक सुरू करतो."

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, जीव वाचला. आवाज तेवढा परत आला नाही. डॉक्टरांनी कुजबुजायलासुद्धा सक्त मनाई केली.

घरात पाटी आली. तुम्हाला वाटेल, चला, घर शांत झालं. कसलं काय! बाई पाटीवर भांडायला लागल्या. "भाजीत मीठ किती??" असं लिहून पाटी माझ्या नाकासमोर धरायच्या. मी उत्तर देईपर्यंत ती तळहातानं पुसून पुढचं वाक्य तयार! रागाच्या भरात पेन्सिली मोडायच्या त्या वेगळ्याच. आणि शेजारीपाजारी म्हणायला लागले, धाकटी फार कजाग आहे, बिचाऱ्या मुक्या जाऊवर दिवसभर ओरडते. मी कुणाकुणाला पाटी दाखवत फिरू?

रजा संपली तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांना ऑफिसात बोलावलं. मोठ्या बाई काही दुष्ट नाहीत. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, "बाई, ही पन्नास-साठ कार्टी आवाजाशिवाय आवरायची कशी? तुम्ही लायब्ररी घ्या. पगार तोच, त्रास नाही."

मलाही ते पटलं. पंखा आहे, खिडकी आहे, दगदग नाही. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाटी वर आली. "कपाटांना शिकवू?" मग ती पुसून दुसरं वाक्य, "एक तास द्या. बघा. मग ठरवा."

मोठ्या बाईंनी वेळापत्रकावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. शनिवारी सहावीचा तास घ्या. धडा 'नदीकाठच्या पहिल्या वस्त्या'. मी बसेन. वर्ग आवरला आणि पोरांना धडा कळला, तर इतिहास तुमचाच. नाहीतर सोमवारपासून लायब्ररी."

त्या आठवड्यात जाऊबाईंचं जेवणावर लक्ष नव्हतं. मीठ जास्त पडलं तरी पाटी वर येत नव्हती. मला तर धसकाच बसला. शिकवणं सुटलं तर ही बाई झुरून जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्यांनी माझ्या हातात फावडं दिलं. शाळेच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ मोकळी जागा आहे. तिथे आम्ही दोघींनी माती ओढून एक लांबलचक उतार केला, मधून वळणावळणाचा चर काढला आणि टाकीच्या नळाला रबरी पाइप लावला. माझी कंबर मोडली. "अहो, याला धडा म्हणतात की गवंडीकाम?" मी विचारलं. त्या नुसत्या हसल्या.

शनिवारी त्या निघाल्या त्या पाटी न घेताच. मी कपाळावर हात मारला.

पोरं मागच्या अंगणात आली. मोठ्या बाई एका बाजूला खुर्ची टाकून बसल्या. जाऊबाईंनी पोरांचे गट पाडले, प्रत्येक गटाला रिकाम्या काड्यापेट्या दिल्या घरं म्हणून, हिरव्या लोकरीचे तुकडे दिले शेतं म्हणून आणि माती उकरायला जुने चमचे. मग हात पसरून खूण केली, वसवा गावं, कुठे वसवायची तिथे! आणि पाणी सोडलं.

अशी झुंबड उडाली म्हणता! अर्ध्यांनी चराला चिकटून घरं मांडली. जे वर उंचावर बसले, ते थोड्याच वेळात बोंबलायला लागले, आमच्या शेताला पाणीच नाही. जाऊबाईंनी त्यांच्या हातातल्या चमच्याला बोट लावलं. झालं, कालवे खणायला सुरुवात. सगळे खूष. तेवढ्यात त्यांनी शांतपणे नळ पूर्ण उघडला. काठावरच्या काड्यापेट्या तरंगत थेट मोठ्या बाईंच्या चपलांपर्यंत गेल्या. पोरांनी हाय खाल्ली.

त्यांनी नळ बारीक केला. पाणी ओसरलं. जिथे घरं होती, तिथे मऊशार गाळ पसरला होता. जाऊबाईंनी त्यातला चिमूटभर घेऊन एका दोन वेण्यांच्या मुलीच्या तळहातावर ठेवला. ती बोटांनी चोळत राहिली आणि एकदम ओरडली, "अगं, शेत इथंच करायचं! घर तेवढं उंचावर!" सगळ्यांनी मातीचे उंचवटे केले, वर घरं, खाली शेतं. मी खांबाला टेकून बघत होते आणि मलाच धडा नव्यानं कळत होता. नाईल काय, सिंधू काय, पुस्तकात मी नुसती नावं पाठ केली होती.

आणि मग घात झाला. वरच्या गटानं बांध घालून सगळं पाणी आपल्याकडे वळवलं. खालचे धावून गेले. ढकलाढकली, चिखलफेक, एकीच्या वेण्या एकाच्या हातात! मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. संपलं, गेली बाई लायब्ररीत.

जाऊबाईंनी मोठ्या बाईंकडे बघून नुसता हात वर केला. थांबा. आणि नळ बंद केला.

वरच्यांची चोरी आता काय कामाची? खालच्यांचं भांडण तरी कशासाठी? पोरं धापा टाकत एकमेकांकडे बघत राहिली. मग ती चिखलातच गोल करून बसली. आधी तुम्ही, मग आम्ही. पाळ्या ठरल्या. कुणाची पाळी झाली ते विसरू नये म्हणून एकानं कौलाच्या तुकड्यावर रेघा मारल्या. बांधावर लक्ष ठेवायला एक दांडगा पोरगा नेमला, तर तो लगेच हुकूम सोडायला लागला आणि सगळ्यांनी त्याला झापलं. माझ्या डोळ्यांदेखत राजा जन्माला आला आणि त्याच्याआधी कारकून! मला तर उगीचच मान मिळाल्यासारखं वाटलं.

पोरांचं एकमत झालं, तेव्हाच जाऊबाईंनी नळ परत सोडला. तास संपेपर्यंत पाणी शेवटच्या लोकरीपर्यंत पोचलं होतं.

मोठ्या बाईंनी चिखलानं माखलेला वर्ग समोर उभा केला. "काय शिकलात आज?"

"बाई म्हणाल्या, पूर येतो पण गाळही तोच आणतो."

"बाई म्हणाल्या, एकट्या गावाला नदी झेपत नाही."

"बाई म्हणाल्या, पाणी वाटून घ्यायला बसले, म्हणून कायदे झाले."

मोठ्या बाई चमकल्या. "बाई म्हणाल्या? कधी म्हणाल्या?"

पोरं गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली. मग ती दोन वेण्यांची मुलगी, एवढंही कसं कळत नाही अशा सुरात म्हणाली, "आत्ताच नाही का, सगळ्यांसमोर!"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि मला म्हणाल्या, "वेळापत्रकात इतिहासापुढे बाईंचं नाव आहे तसंच राहू दे."

जाऊबाई पाइप गुंडाळता गुंडाळता रडत होत्या. त्या रडण्यालाही आवाज नव्हता. मी मेलीनं मात्र अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असा गळा काढला होता.