घरच्या पंपाचं पेट्रोल

आबांनी प्लग उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या टेबलावर टाकला.

"हे दाखवून काय उपयोग, अक्का? इंजिन गेलं ते गेलं. कॉम्प्युटरमध्ये तुम्हीच हात घातला होता ना?"

स्पार्क प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा तुकडा. या प्लगच्या टोकाला खसखशीएवढे चकचकीत मणी चिकटले होते. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. पिस्टन वितळल्याशिवाय ते प्लगवर येत नाही, हो. मी तेच दाखवत होते.

आबा यावलकडचे. केळीच्या बागा, शिवाय रस्त्यालगत स्वतःचा पेट्रोल पंप. त्यांचा मुलगा भूषण तीन महिन्यांपूर्वी परदेशी टर्बो स्पोर्ट्स कार घेऊन माझ्या देवपूरच्या गॅरेजमध्ये आला होता. मी सातवी शिकलेली बाई. टर्बो शिकले वडिलांच्या हाताखाली, ट्रकवर. लॅपटॉप शिकले पन्नाशीनंतर, व्हिडिओ बघून बघून आणि स्वतःच्याच गाडीचं इंजिन दोनदा बिघडवून.

टर्बो समजायला सोपा आहे, बरं का. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो आणि तो बाहेरची हवा दाबून आत भरतो. हवा जास्त, म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणजे ताकद जास्त. पण दाबली की हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो ना, तसंच.

"अक्का, आधी पॉवर वाढवा. बाकीचं नंतर बघू," भूषण म्हणाला होता.

"आधी थांबायचं बघू, मग पळायचं."

"घरात आबा, इथं तुम्ही. माझं ऐकणारं कुणी आहे का?" असं म्हणून हसला होता. गोड पोरगा. जेवून आलो म्हणायचा आणि माझ्या डब्यातली भाकरी खायचा.

मी क्रमानंच गेले. आधी इंजिन आतून धड आहे का ते तपासलं. मग ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायर. मग मोठा इंटरकूलर, म्हणजे ती तापलेली हवा थंड करणारी जाळी. मग जास्त पेट्रोल देणारा फ्युएल पंप. सगळ्यात शेवटी ट्यूनिंग. हवेचा दाब किती आणि ठिणगी कधी, हे गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवायचं.

तिथं मी विचारलं, "साध्या पेट्रोलवर ट्यून करू की प्रीमियमवर?"

साधं पेट्रोल वाईट नसतं. पण दाब वाढला की ते ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. आतून पिस्टनवर हातोडा मारावा तसं. प्रीमियम तो दाब जास्त सोसतं.

"प्रीमियमच, अक्का. तुमच्या बायपासवर मिळतं, जळगावला मिळतं. कॅन भरून नेईन."

आबांच्या पंपावर प्रीमियम नव्हतं. मला ते माहीत होतं. तरी मी प्रीमियमवर ट्यून केलं आणि टाकीच्या झाकणात स्टिकर लावलं: 'फक्त प्रीमियम. साधं चालणार नाही.'

गाडी बंद पडली पारोळ्याच्या पुढं, ट्रकला ओव्हरटेक करताना. भूषण चालवत होता, शेजारी आबांची सूनबाई बसलेली. मागून ट्रेलर येत होता, त्याच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून दोघं वाचली. गाडी टो होऊन माझ्याकडे आली. माझे जुने फिटर रफिकभाई, त्यांनी इंजिनाचं हेड उघडलं आणि एवढंच म्हणाले, "अक्का, बठ्ठं जळी गयं." सगळंच जळून गेलं होतं.

मी लॅपटॉप जोडला. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नॉकिंगची नोंद राहते. पहिले काही आठवडे स्वच्छ होते. मग रोज नॉकिंग. कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडून पाडून इंजिनाला सांभाळत होता. पण तो तरी किती सांभाळणार? टाकीचं झाकण उघडलं. स्टिकर खरवडून काढलेलं. नुसता गोंद उरला होता.

म्हणून त्या दिवशी आबांना सगळं दाखवायला बोलावलं. बाकावर माझी दोन गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. त्यातले एक जळगावचे डॉक्टर.

"आबा, पेट्रोल साधं भरलंय. स्टिकर कुणी काढलं?"

आबांनी आधी बाकाकडे पाहिलं. मग आवाज चढवला. "आमच्या पंपाचं पेट्रोल खराब, असं म्हणायचंय का?"

"खराब नाही म्हणत, आबा. या ट्यूनिंगला चालत नाही म्हणते."

"गावात एकच ऐकू जातं, अक्का. मालकाचा पोरगा दुसऱ्याच्या पंपावर रांगेत उभा राहिला, तर माझ्या पंपावर कोण येईल?"

मी भूषणकडे वळले. "तू सांग रे. पेट्रोल कुठं भरलं?"

त्यानं वडिलांकडे पाहिलं. मग फरशीकडे.

"बायपासवरच, अक्का. तुम्ही सांगितलं तसंच."

रफिकभाईंनी हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी कप ठेवला आणि कामाचं उद्या फोनवर बोलू म्हणाले. तो फोन आला नाही. त्यांची गाडी आठवड्यानं ड्रायव्हर येऊन घेऊन गेला. काम अर्धं होतं, तसंच. मग जळगावकडून गाड्या येणंच थांबलं. बाईनं इंजिन जाळलं, एवढंच तिकडे पोचलं होतं. ट्रेलरखाली सून जाता जाता वाचली, हेही माझ्याच नावावर.

भूषणची गाडी दुरुस्तीला मुंबईला गेली. दोन महिन्यांनी भूषणचा फोन.

"अक्का, त्यांनी पण तेच सांगितलं. पेट्रोलमुळंच. आता साध्यावर ट्यून करून दिलीय. छान चालते."

"आबा काय म्हणाले?"

"म्हणाले, बघ, मुंबईवाल्याला जमतं."

मी म्हटलं, "डॉक्टरांना एक फोन करशील? खरं काय ते सांगायला?"

"बघतो, अक्का."

अजून बघतोय.

माझी चूक काय, तर पेट्रोल कुठलं भरणार हे मी पोराला विचारलं आणि त्याचं ऐकलं. आता विचारत नाही. गाडी ज्या पेट्रोलवर आली असेल, त्याच्यावरच ट्यून करते. पॉवर थोडी कमी मिळते. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.