निळा पडलेला हिरो

आमच्या स्टँडजवळच्या सलूनमध्ये एका हिरोचं पोस्टर आहे. उन्हानं लाल-पिवळे रंग उडालेत, त्यामुळे बिचारा गालांपासून ओठांपर्यंत निळा पडलाय. एकेकाळी अख्ख्या गावाला त्याच्यासारखे केस हवे होते. मग पिक्चर आपटत गेले आणि तो दिसेनासाच झाला.

मी मात्र त्याचा आवाज सोडला नाही. गणपतीत स्टेजवर मी मिमिक्री करतो, त्यात माझा हुकमी आयटम तोच. वाक्य संपवताना तो हलकेच श्वास सोडायचा, जणू पोरीच्या कानातच बोलतोय. तेवढं केलं की शिट्ट्या पडायच्या.

परवा दाढी करून घेताना सलूनवाल्या सुन्यादादाला म्हटलं, "यंदा पण हाच!" आणि करून दाखवला.

दादाचा वस्तरा थांबला. "भारी. पण कोण रे हा?"

"अरे, तुझ्या भिंतीवरचा!"

"हा असा बोलायचा?"

मी पुन्हा केला, जरा जोरात. बाकावरचा एक कॉलेजवाला मला म्हणाला, "दादा, हा तुमचाच आवाज आहे ना?"

मी हसत भिंतीवरच्या पोस्टरकडे बघितलं. तो माणूस धडधाकट असेल, आत्ता कुठंतरी चहा पीत असेल. आणि त्याचा तो श्वास मात्र फक्त माझ्या घशात उरलाय.

दादानं मोबाइलवर नवा हिरो लावला. "याचा कर. पोरी वेड्या झाल्यात."

हा हसताना एक डोळा जरा उशिरा मिटतो. आरशात करून बघितलं, पहिल्या झटक्यात जमलं. बाकावर टाळ्या पडल्या, आणि मला त्या नव्या पोराची फार काळजी वाटली.