मुडदुशीवरचा आरोप

माझ्या मुलीला जनुकांतल्या दोषामुळे झालेला एक दुर्मीळ आजार आहे. तिच्या स्नायूंत जोर कमी. जठराच्या तोंडाशी असलेली झडपही ढिली, त्यामुळे खाल्लेलं आंबट होऊन घशाशी येतं. त्या वर्षी ती पाच वर्षांची होती आणि वजन अकरा किलो. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "तीन महिन्यांत अर्धा किलो तरी वाढायला हवं. नाहीतर पोटात नळी बसवावी लागेल." आंबट बंद, जेवणानंतर अर्धा तास ताठ बसवायचं.

चिंच, दही, कैरी त्याच दिवशी बंद झाली. मी वार्ताहर, म्हणून वही केली: काय खाल्लं, किती वाजता, ओकली कधी. तीन आठवड्यांत दिसलं की उलट्या बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी होतात. हे आमच्या घरचे माशांचे वार. मी मासे थांबवले. उलट्या थांबल्या, पण वजनही जागचं हललं नाही. काटे काढलेली वाफवलेली मुडदुशी सोडली तर ती मनापासून काहीच खात नव्हती.

आमच्याकडे राहणारी माझी आत्या आठवडाभर पूर्णगडला लेकीकडे गेली. त्या रविवारी बायकोने माझं न ऐकता मुडदुशी आणली. मुलीने दोन खाल्ल्या. काही झालं नाही. बुधवारीही नाही.

आत्या परतल्यावर मी विचारलं, "तू जेवताना हिला काही देतेस?"

"मी कशाला देऊ? सोलकढी तेवढी. वाटीभर."

"रोज?"

"रोज कुठची? मासे असले की करते ना मी."

"अगं, कोकम आंबट असतं!"

"शहाणाच आहेस. पित्ताला कोकम नाही तर काय लोणचं देऊ? तुझ्या बापाचं पित्त मीच उतरवलंय."

"आणि तुमच्या वहीत सोलकढी नाही?" बायकोने विचारलं.

नव्हती. माशांच्या जेवणात ती आमच्याकडे धरलेलीच असते. वेगळी लिहायची हे मला सुचलं नव्हतं. मी चुकीच्या संशयितावर आरोप ठेवला होता.

"लिही आता," आत्या म्हणाली, "आणि माझं नाव घालू नकोस."

मासे पुन्हा सुरू झाले. मुलीची सोलकढी बंद झाली, आत्याची नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी वजनकाट्याने अकरा किलो सहाशे ग्रॅम दाखवले. डॉक्टर म्हणाले, "नळीचं राहू दे." मुलगी काट्यावरून उतरायला तयार नव्हती. आकडा अजून वाढतो का, ते तिला बघायचं होतं.