एक मीटर बावीस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय म्हणून लगेच मला समजून घ्यायला बसू नका. मला ते नकोय.

मी इमारतींची सुरक्षा तपासते. हॉल, हॉटेलं, क्लब. आग लागली तर माणसं बाहेर कशी पडतील, दार कुठल्या बाजूला उघडतं, जिना किती रुंद आहे, स्वयंपाकघराचं पाणी कुठे जातं — बघायचं, मोजायचं, लिहायचं, खाली सही करायची. त्या सहीवर परवाना मिळतो, नाहीतर अडतो. वीस वर्षं झाली. आता तुम्हाला वाटलं असेल, बाईने पैसे खाल्ले. नाही खाल्ले. एका हॉटेलवाल्याने दिलेला मिठाईचा बॉक्ससुद्धा त्याच्याच गल्ल्यावर ठेवून आलेली बाई आहे मी. पैसे खाल्ले असते तर सांगायला सोपं गेलं असतं, असं कधीकधी वाटतं.

माहीमला, खाडीच्या अंगाला, मच्छीमारांच्या एका संस्थेची दुमजली इमारत आहे. तळाला जाळी आणि बर्फाच्या पेट्या, पहिल्या मजल्यावर लग्नाचा हॉल आणि दुसऱ्यावर पत्त्यांचा क्लब. रमीचा, रीतसर परवान्याचा. क्लबच्या उत्पन्नातून संस्था वस्तीतल्या मुलांच्या फिया भरायची. आणि माझा नवरा, प्रकाश, रोज दुपारी चारला लालबागहून बस पकडून तिथे जायचा.

थांबा. तो उधळ्या नव्हता. घरात कशाला कमी पडू दिलं नाही त्याने. तो कामाला होता तो प्रेस बंद पडला, लवकर घरी बसला, आणि आमच्या चाळीतले शिरोडकर काका एक दिवस त्याला सोबत घेऊन गेले, एवढंच. जुगाराने संसार मोडलेली बायको मी नाही. तसं असतं तर तुम्ही माझ्या बाजूने झाला असता ना?

मग त्याच इमारतीची तपासणी आमच्या ऑफिसकडे आली. घरच्या माणसाचा संबंध असेल तर ते काम घ्यायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं — नियमच आहे. मी साहेबांना काही बोलले नाही. उलट वेळ मागितली ती दुपारची, साडेचारची. मला ती जागा आतून बघायची होती.

संस्थेच्या सेक्रेटरी जयवंतीताई तांडेल. पन्नाशीच्या, पहाटे मासळीच्या लिलावाला आणि दुपारी संस्थेच्या टेबलाला. त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं. खरं सांगू? इतकी नीट ठेवलेली इमारत मी क्वचित पाहिली आहे. वाळूच्या बादल्या भरलेल्या, आगीची नळकांडी तारखेतली, बाहेर पडायच्या दाराला कुलूप नाही. स्वयंपाकघराचं तेलकट पाणीसुद्धा आधी टाकीत, मग गटारात. "खाडीत नाय सोडत आम्ही," त्या म्हणाल्या, "पोट हाय आमचं तिच्यावर." मागच्या बाजूला त्यांनी नवा जिना बांधून घेतला होता. तिथे बसणाऱ्या माणसांच्या मानाने तो दीड मीटर रुंद हवा. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. एक मीटर बावन्न.

मग आम्ही क्लबच्या दाराशी आलो. दाराला काच होती.

आत प्रकाश हसत होता.

कसं सांगू तुम्हाला... अंग मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारी शिरोडकर काका त्याच्या पाठीत बुक्की मारत होते. आमच्या घरात तो जेवतो, पेपर वाचतो, "दूध आणलंय" म्हणतो. अबोला नाही, भांडण नाही. पण ते हसणं मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं, ते मला तिथे उभं राहून आठवेना. मी आत गेले नाही. "माणसं खेळताहेत, राहू दे," म्हटलं आणि खाली उतरले.

ऑफिसात येऊन अहवाल लिहिला. अक्षर न् अक्षर खरा. बादल्या, नळकांडी, टाकी, सगळं. फक्त जिन्याच्या रकान्यात एक मीटर बावीस लिहिलं. टेप लावलेला फोटो जोडलाच नाही. व्यवस्थित सही केली.

परवाना अडला. क्लब बंद. चौथ्या दिवशी जयवंतीताईंचा फोन.

"मॅडम, तुमच्या हातून पाचाचा दोन झालाय बघा. मीच तर टोक धरलं होतं."

"लिहिलंय ते बरोबर आहे," मी म्हटलं. "हरकत असेल तर अर्ज करा."

त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. फोन मीच ठेवला.

मला काय वाटलं होतं — प्रकाश चार वाजता घरी बसेल? माझ्याशी बोलेल, हसेल? महिनाभर बसला. खिडकीत. मग त्या सगळ्यांनी लालबागमध्येच, मसाल्याच्या एका गिरणीच्या वर, एक खोली धरली. एकच दार. एक लाकडी जिना, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. मी ती खोली खालून पाहिली होती. माझं कामच आहे ते. बघितलं आणि काय आहे ते ओळखलं. तरी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर तो म्हणाला असता, मग माहीमचा का बंद झाला गं?

एका दुपारी खाली मीटरच्या पेटीत स्पार्क झाला. आग मोठी नव्हती, पण मिरचीच्या पोत्यांचा धूर वर चढला. डोळे मिटून सगळे त्या जिन्याकडे धावले. प्रकाश खोकत का होईना, उतरला. शिरोडकर काका वरून खाली आले ते घसरत, आणि त्यांच्यावर आणखी दोघं. काकांच्या खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलच्या बाकावर प्रकाश मला म्हणाला, "तो माहीमचा क्लब चालू असता तर हे झालं नसतं. कोण बाई होती तपासायला, काय मोजलं तिने देव जाणे. तुमच्या ऑफिसची तर नव्हती?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे नव्हतं ते काम."

माझं लायसन्स माहेरच्या नावावर आहे. सही त्याला सापडली तरी ओळखू आली नसती. मी उठून त्याच्यासाठी चहा आणला.

जयवंतीताईंनी अर्ज केला होता. सव्वा वर्षाने दुसरा माणूस मोजायला गेला. एक मीटर बावन्न. आमच्या ऑफिसने नजरचूक म्हणून नोंद केली; साहेब म्हणाले, तुमची पहिलीच. मी मान डोलावली. त्या सव्वा वर्षात संस्थेने फिया भरल्या नाहीत. किती मुलांच्या, ते मी विचारलेलं नाही.

क्लब पुन्हा उघडला त्या दिवशी प्रकाश हट्टाने मला घेऊन गेला. "ही माझी मिसेस," तो जयवंतीताईंना म्हणाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग परत माझ्याकडे. त्यांना त्या क्षणी सगळं समजलं — का, ते. "या वहिनी," म्हणाल्या आणि माझ्या हातात पेढा ठेवला. निघताना मात्र त्या जिन्याच्या तोंडाशी आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "मी नाय सांगणार. सांगायचं तर तुम्ही सांगा."

तीन वर्षं झाली. मी सांगितलेलं नाही.

मी अजून इमारती तपासते, आणि चोख तपासते. रात्री झोप लागते. तुम्हाला हवं ते म्हणा. एवढंच म्हणू नका की हातून चूक झाली. चूक नव्हती ती. बावन्न मला स्वच्छ दिसत होते.

शिरोडकर काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. हॉस्पिटलमधून वर नेल्यापासून ते खाली उतरलेले नाहीत.