त्यांची नवी गाणी वाईट आहेत

आमच्या बँडची नवी गाणी येणार असल्याचा मेसेज सांगलीच्या मित्राकडून आला, तेव्हा मी साताऱ्यात घरी पालक निवडत बसलो होतो. जुडी तशीच टाकून उठलो. बायकोने हातानेच विचारलं, काय झालं? मी म्हणालो, “आमच्या बँडची नवी गाणी येणारेत.” तिने उरलेला पालक स्वतःकडे ओढून घेतला.

बँड म्हटल्यावर आमच्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर लाल कोट घालून वरातीपुढे वाजवणारी मंडळी येतात. आमचा बँड तसला नव्हे. तो इंग्लंडातल्या चार पोरांचा. एक गाणारा, एक ड्रमवाला, एक गिटारवाला आणि एक नुसता कीबोर्डापाशी उभा राहून तोंड पाडणारा. त्या काळी असल्या संगीताला न्यू वेव्ह म्हणत. ती पोरं आता आजोबा झाली आहेत, आणि त्यांची लाट ओसरूनही जमाना झाला. जगाच्या दृष्टीने ओसरली असेल. मला आणि सांगलीच्या मित्राला त्याचं काय?

ती गाणी आमच्यापर्यंत आणली माझ्या थोरल्या भावाने. तो फौजेत होता. एकदा सुट्टीवर येताना त्याने टेपरेकॉर्डर आणला आणि दुकानदाराने वर फुकट दिलेली एक कॅसेट. त्याने ती एकदाच लावली. “ह्ये कोन रडाय लागलंय रं?” म्हणाला आणि माझ्या अंगावर फेकली. मी तेव्हा सांगलीला डिप्लोमा करत होतो. कॅसेट आणि टेपरेकॉर्डर दोन्ही होस्टेलवर नेले.

माझा रूम पार्टनर म्हणजेच हा मित्र. सांगलीजवळच्या गावातला, जैन घरचा, हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तो दिवस मावळायच्या आत जेवायचा. रात्री सगळं होस्टेल मेसकडे पळालं की हा एकटा खोलीत राही. बाकीच्या वेळी खोलीत कायम पाचसहा जण पसरलेले असत, आणि त्यांना आमची कॅसेट म्हणजे मस्करीचा विषय. म्हणून आम्ही मेसची वेळ धरली. तो पोटभर जेवून आणि मी उपाशी, असे आम्ही रोज ती कॅसेट ऐकायचो. मग मी जाऊन गार भाकरी आणि तळाची आमटी खायचो. शब्द निम्मे कळत नसत. पण त्या गाणाऱ्याच्या आवाजात असं काही होतं की आपल्या आत जे चाललंय ते याला कुणी सांगितलं, असं वाटायचं. हे मी तेव्हा कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर होस्टेलवर माझी धडगत नव्हती.

पुढे तो मार्केट यार्डात वडिलांच्या पेढीवर बसला. मी साखर कारखान्यात टर्बाइनवर लागलो. तरी वर्षातून एकदा, गळीत हंगाम संपला की मी सांगलीला जायचो. तो दिवसाउजेडी जेवून घ्यायचा, हमाल घरी जायचे, आणि मग आम्ही पोत्यांना टेकून पहिल्यापासून सगळी गाणी ऐकायचो. एवढंच. दारू नाही, पत्ते नाहीत. माझ्या बायकोला पहिली काही वर्षं हे खरंच वाटत नव्हतं.

टर्बाइनने माझे कान खाल्ले. कानात घालायला बोळे मिळायचे, पण साहेबांची फेरी असली तरच आम्ही ते घालायचो. नोकरी संपेपर्यंत दोन्ही कानांना मशिनं लागली. मग मशिनांचाही उपयोग होईना. बायको आधी मोठ्याने बोलायची, मग ओरडायची, मग खुणा करू लागली. मला लोकांचाच राग यायचा. लोक तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, स्पष्ट कुणी बोलतच नाही, असं माझं ठाम मत होतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. कानाच्या आत यंत्र बसवायचं. तिथे कान तपासणारी एक मुलगी आहे, ती मला सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवते. मी तिला एकच विचारलं, गाण्याचं काय? तिने लिहिलं, “बोलणं सरावाने समजू लागेल. संगीताची खात्री देता येत नाही काका. बऱ्याच जणांना ते पत्रा वाजवल्यासारखं वाटतं. आणि त्या कानात आत्ता जे थोडं शिल्लक आहे, तेही बहुतेक जाईल.”

मी तिथेच नाही म्हणालो. बायको माझ्याकडे बघत राहिली. येताना गाडीत ती रडली आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला कळत होतं की ती वर्षानुवर्षं एकटी बोलते आहे. पण माझ्याही हातात दुसरं काय उरलं होतं? जे थोडं शिल्लक आहे, ते मी पत्र्यासाठी सोडायचं?

शिल्लक आहे की नाही, ते मी रोज सकाळी तपासून बघत होतो. चहा झाला की मोबाइलवर पहिल्या कॅसेटमधलं पहिलं गाणं लावायचं. फडताळावर छोटा स्पीकर आहे, त्यावर ते वाजतं. आधी कीबोर्ड, मग ड्रम, दुसऱ्या कडव्याआधी गाणारा श्वास घेतो तो बारीकसा आवाज. सगळं मला ऐकू यायचं. तो श्वाससुद्धा. तो आला की मी बोट वर करायचो. म्हणजे कान अजून चालू आहेत, ऑपरेशनवाल्यांनी उगाच घाई करू नये. रोज एवढा धीर मिळाला की पुढचा दिवस रेटता यायचा.

तर नवी गाणी आली. इतक्या वर्षांनी, तेच चौघे, बहुधा शेवटचीच. मी अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून ऐकायला बसलो. हसायचं तर हसा.

डब्यात खडे घालून हलवावेत तसं काहीतरी वाजलं. मी आवाज वाढवला. खडे मोठे झाले. दुसरं गाणं तसंच, तिसरंही तसंच. गाणारा कुठेतरी लांब गुणगुणल्यासारखा, ना चाल ना काही. शेवटपर्यंत मी उठलो नाही. मग लागलीच जुनं पहिलं गाणं लावलं. ते स्वच्छ, सुरेल, जागच्या जागी. म्हणजे माझे कान ठीक होते. बँडच म्हातारा झाला होता, संपला होता. मला इतकं वाईट घरातलं माणूस गेल्यावरच वाटलं होतं.

फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून मित्राला लिहिलं, “नवी गाणी वाईट आहेत. काढायला नको होती.”

त्याचं उत्तर आलं, “येडा का काय? लय भारी हायत. मी चारदा ऐकली.”

मी पेटलो. लिहिलं, “तुला त्यांचं काहीही चालतं. तू आता ऐकत न्हाईस, नुसता भक्त झालायस. कानात जे पडतंय ते ऐकायला शिक.” हे मी त्याला लिहिलं.

बरेच दिवस त्याचं काहीच आलं नाही. मी रोज सकाळी पहिलं गाणं लावत होतो, बोट वर करत होतो आणि मोबाइलकडे बघत होतो. या जगात ती गाणी माझ्यासारखी माहीत असलेला एकच माणूस होता आणि तोही मी घालवला, असं वाटून जेवण जाईना.

मग बायकोने टूम काढली, की वर्षाची हळद घ्यायची तर यंदा आपणच सांगलीला जाऊ. मला वाटलं, मला मित्राकडे न्यायचा बहाणा असेल. बहाणा होताच, पण वेगळा.

आम्ही पोचलो तेव्हा त्याचं जेवण उरकलं होतं. त्याने आम्हाला चहा दिला. भांडणाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. त्याच्या तोंडाकडे बघितलं की त्याचं बोलणं मला बऱ्यापैकी कळतं, इतक्या वर्षांची सवय. हमाल गेल्यावर त्याने पेढीच्या टेबलावर स्पीकर ठेवला. माझ्यासमोर बसून सावकाश म्हणाला, “आपलं पयलं गाणं लावतो. एक हात ह्याच्यावर ठेव. दुसऱ्या हातानं ताल धर.”

मी हात ठेवला. ड्रमचे ठोके तळव्याला जाणवले आणि गाणं सुरू झालं. कीबोर्ड आला, चाल आली, गाणारा आला. मी टेबलावर ताल धरला. मला भरून आलं. या माणसाशी आपण कसे भांडलो, असं वाटलं. दुसऱ्या कडव्याआधी श्वासाचा आवाज आला आणि मी बोट वर केलं.

मित्र हसला नाही. मागे उभ्या असलेल्या बायकोने तोंडाला पदर लावला होता. मित्राने मोबाइल माझ्याकडे फिरवला. पडद्यावर नव्या गाण्यांच्या कव्हरचं चित्र होतं. करड्या रंगाचा समुद्र.

“ह्ये नवं हाय,” तो म्हणाला. “पयल्यापास्नं ह्येच वाजतंय.”

मी म्हणालो, “आत्ता बदललंस तू.”

“न्हाई गड्या.”

“परत लाव.”

त्याने परत लावलं. या वेळी मी डोळे त्या समुद्रावरच ठेवले. नव्या गाण्याचं नाव वाचत होतो, सेकंद पुढे सरकताना दिसत होते. तळव्याला ठोके जाणवले आणि माझ्या डोक्यात जुनं गाणं सुरू झालं. स्वच्छ, सुरेल, जागच्या जागी. मी ते थांबवायचा प्रयत्न केला. हे नवं आहे, हे नवं आहे, असं स्वतःला बजावलं. ते थांबेना. दुसरं कडवं आलं, श्वास आला. मी हात काढून घेतला, तरी ते चालूच राहिलं.

ठोक्यांची गती पहिल्या गाण्याशी जवळपास सारखी असलेलं नवं गाणं त्याने शोधून ठेवलं होतं. माझ्या बायकोने सांगितल्यावर. एका सकाळी स्पीकरचं चार्जिंग संपलेलं तिने पाहिलं होतं. मी त्या मुक्या स्पीकरसमोर बसून ताल धरत होतो आणि नेमक्या वेळेवर बोट वर केलं होतं. हे मला सांगायचा तिला धीर झाला नाही, म्हणून तिने मित्राला फोन केला. “तुमचं ऐकतील,” म्हणाली.

रोज सकाळी मी काय तपासत होतो? कान कधीचेच गेले होते. त्या गाण्यांवर मी इतकं प्रेम केलं होतं की ती वाजायला बाहेर काही असण्याची गरजच राहिली नव्हती. आणि ज्या नव्या गाण्यांना मी नावं ठेवली, ती मी एकदाही ऐकली नव्हती. पुढे कधी ऐकणारही नव्हतो.

मी मित्राला विचारलं, “कसं हाय रं नवं?”

त्याने डोळे पुसले. मला तोंड नीट दिसावं म्हणून पुढे सरकून बसला. म्हणाला, “त्याचा आवाज म्हातारा झालाय. वरच्या पट्टीत जात न्हाई आता. खालीच गातो. पर जे गातो ते खरं गातो.” आणखी बरंच बोलला. कीबोर्डबद्दल काहीतरी, शेवटच्या गाण्याबद्दल काहीतरी. बोलताना त्याचे ओठ थरथरू लागले आणि मग मला काही कळेना. मी मान हलवत राहिलो.

रात्री मुक्कामाला राहा म्हणत होता, पण आम्ही निघालो. हळद राहिली ती राहिलीच. एसटीत बायको खिडकीपाशी बसली. कराड येईपर्यंत मनात एकच चाललं होतं. आता जपायचं ते कानात नाही, डोक्यात आहे. ऑपरेशन झालं आणि तो पत्र्याचा आवाज रोज आत जाऊ लागला, तर डोक्यातलंही बिघडेल का? मिरजेच्या त्या कान तपासणाऱ्या मुलीला मेसेज करून विचारलं. तिने लिहिलं, “काहींचं राहतं, काहींचं नाही. आधी सांगता येत नाही काका.” म्हणजे ऑपरेशनला नाही म्हणायला मला अजून जागा होती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

कराड सोडल्यावर बायको बोलू लागली. माझ्याकडे बघून नव्हे, बाहेर बघून. तिचा गाल हलताना दिसत होता. मला ऐकू येणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी ती बोलत होती. बराच वेळ. ती काय म्हणत असेल याचा मी अंदाज करू लागलो, आणि निदान तिच्या आवाजात तरी तो अंदाज करावा म्हणून डोळे मिटून तिचा आवाज आठवू लागलो. लग्नानंतरचा, पोरांवर ओरडतानाचा, “आवं, जेवायला चला” म्हणतानाचा. शब्द आठवत होते. आवाज येईना. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. आला तो त्या गाणाऱ्याचा, अगदी श्वासासकट.

मी तिचा हात धरला. ती बोलायची थांबली आणि माझ्याकडे वळली. मी म्हणालो, “मिरजेला कळव. करू ऑपरेशन.”