रेघेपलीकडे पडलेलं पाऊल

माझा धाकटा भाऊ ड्वेन अकरा वर्षं बेसबॉल खेळून पोट भरत होता, पण टीव्हीवर दिसेल अशा संघात एकदाही पोचला नाही. तो कॅचर. बॅटरच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलायचा, आणि आपला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा गडी, बिथरला की उठून त्याच्यापाशी जायचं, काहीतरी वात्रट बोलून त्याला हसवायचं, यात त्याचा हातखंडा. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला आणि तो नेब्रास्कात, आमच्या गावी परत आला. इथल्या कॉलेजात त्याला कोचचं काम मिळालं, तेही एका हंगामापुरतं.

"खेळणं वेगळं आणि खेळवणं वेगळं," क्रीडासंचालक ट्वेट त्याला तोंडावर म्हणाले. "मे महिन्यात बघू."

मी त्याच कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कोलाचे नावाचे गोड पाव भाजते, त्यामुळे हे माझ्या कानावर आलंच. माझा तिळपापड झाला. ड्वेन मात्र मुकाट्यानं मैदानावर गेला आणि स्वतःच चुन्याच्या रेघा मारू लागला. पोरं आधी त्याच्या लंगडण्याची नक्कल करायची. एप्रिलपर्यंत तीच पोरं सराव संपला तरी घरी जायला तयार नसायची. आणि मे महिन्यात आमचं एवढंसं कॉलेज जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलं!

आमचा पिचर गॅरेट स्लोमा. त्याचा चेंडू दिसण्याआधी ऐकू येतो. त्याला बघायला एका मोठ्या विद्यापीठाचा माणूस मुद्दाम आला होता. शेवटचा डाव, आम्ही एका धावेनं पुढे, त्यांचे दोघे धावायच्या तयारीत. ड्वेन एकदा गॅरेटपाशी जाऊन बोलून आला. मग एक गडी बाद झाला. आता एकच बाद करायचा उरला.

तेवढ्यात गॅरेटनं कपाळाला आठ्या घातल्या, आणि आमचा ड्वेन सवयीनं उठून त्याच्याकडे निघाला. कॅचर असताना जायचा तसाच. कोचला एका डावात एकदाच जाता येतं. दुसऱ्यांदा पांढरी रेघ ओलांडली की पिचर बदलावाच लागतो. हे त्याला आठवलं तेव्हा पाऊल रेघेपलीकडे पडलं होतं.

"दुसरी फेरी, कोच," पंच म्हणाला. "पिचर बदला."

"अरे गधड्या!" मी भर स्टँडमधून ओरडले.

गॅरेटनं बाकावर हातमोजा आपटला. त्याच्या जागी ऑस्कर व्हिएरा आला. त्याचा चेंडू इतका सावकाश यायचा की पोरं म्हणायची, मधल्या वेळात जेवून घ्यावं.

ड्वेन त्याच्या कानाशी लागला, हे ऑस्करनंच मला नंतर सांगितलं. "त्यांचे हात गॅरेटच्या वेगाला सरावलेत. तू तुझ्याच चालीनं टाक. घाई केलीस तर मला पुढच्या वर्षी चारा गिरणीत पोती उचलावी लागतील."

"मग मीही येतो उचलायला," ऑस्कर म्हणाला.

बॅटरनं तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा चेंडू यायच्या आधीच. तीनदा हुकला की बाद. जिंकलो! पोरं एकमेकांवर पडली, मी मैदानात धावले, कोणी माझ्या टोपीत सोडा ओतला.

रेडिओवाला माईक घेऊन धावत आला. "काय डोकं लढवलंत, कोच! गॅरेट थकला हे बरोबर ओळखलंत, आणि वेगवान पिचर काढून सावकाश आणलात!"

"याला म्हणतात कोच," शेजारी उभे असलेले ट्वेटसाहेब खुशीत म्हणाले.

ड्वेननं नुसती मान हलवली असती तर नोकरी खिशात होती. मी मनात म्हणत होते, हलव रे बाबा, हलव. पण मागे गॅरेट मान खाली घालून उभा होता आणि तो विद्यापीठाचा माणूस कान देऊन ऐकत होता.

"कसलं डोकं?" ड्वेन माईकमध्ये म्हणाला. "मी नियम विसरलो. चुकून रेघ ओलांडली. या पोराचा हात ठणठणीत आहे, तो थकला नव्हता. सामना ऑस्करनं वाचवला, माझ्यापासून."

ट्वेटसाहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, संपलं.

"हरल्यावर चूक कबूल करणारे कोच मी खूप पाहिलेत," ते सावकाश म्हणाले. "जिंकल्यावर कबूल करणारा आजच भेटला. पुढच्या वर्षी पोरांना काय शिकवणार आहेस?"

"नियम," गॅरेट मागून म्हणाला, "आणि त्याआधी ते आम्ही यांना शिकवू."

मग त्यानंच ड्वेनला खांद्यावर उचललं, दुखऱ्या गुडघ्यांसकट. मी भोकाड पसरलं आणि कोणापासून लपवलं नाही.